गुरुजींचं वजा एक

एक जूनला आमच्या अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस असतो. थट्टा नाही करत. माझ्या वर्गात एकतीस जण होते, त्यातल्या सव्वीस जणांच्या दाखल्यावर एक जून हीच तारीख. उरलेल्या पाचांतला एक पोस्टमनचा मुलगा होता, आणि बाकीचे चार खात्यापित्या घरांतल्यांचे, म्हणजे ज्यांच्या घरात कॅलेंडरवर लिहून ठेवायची पद्धत होती त्यांचे.

आमच्या आया कॅलेंडर बघून बाळंत होत नव्हत्या. माझी आई माझ्या जन्माबद्दल एवढंच सांगते, "कारखान्यावर हुतो, पट्टा पडायच्या आधी, कोपीत." पट्टा पडणे म्हणजे उसाचा हंगाम संपणे, आणि कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. आता ह्याची तारीख कोण काढणार? शाळा उघडायची जूनमध्ये, पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची, मग गुरुजी मागे मोजायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. सहा भरत नसतील तर भरवायचे. पोरगं एकदा हजेरीपटावर चढलं की आईबापाबरोबर उसाला जाणार नाही, निदान आजीपाशी ठेवतील, असा त्यांचा हिशोब. वस्तीवरच्या कितीतरी पोरांना त्यांनी असं एकेक वर्ष आगाऊ दिलं. मलाही दिलं. त्या एका वर्षाच्या जोरावर मी शाळेत गेले, आणि पुढे बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवीचा कागद माझ्याआधी कुणी हातात धरला नव्हता. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते.

तर हे गुरुजी निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत फाट्यावरच्या दारूच्या दुकानात गल्ल्यावर बसले.

केजकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा फाटा. एक पंक्चरवाला, दोन हॉटेलं, खताचं दुकान, आणि पत्र्याच्या एका लांब शेडचे दोन भाग. एका भागात माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान. दुसऱ्या भागात 'वाइन शॉप'. पाटीवर वाइन शॉप, आत वाइनची बाटली औषधालासुद्धा नाही. रम, व्हिस्की आणि बिअर. लायसन गुरुजींच्या मेव्हण्याच्या नावावर. तो राहायचा बीडला. त्याला न पिणारा, मोड बरोबर देणारा आणि नात्यातला माणूस पाहिजे होता. तिन्ही गोष्टी गुरुजींत होत्या. चौथी एक होती, ती त्याला नंतर कळली.

गावात आधी फार बोललं गेलं. "जल्मभर पोरांना अक्षरं शिकवली आन म्हातारपणी हे," असं आमची आईसुद्धा म्हणाली. गुरुजी कुणालाही उत्तर द्यायचे नाहीत. धुतलेलं धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल. शाळेत बसायचे तसेच पाठ ताठ ठेवून बसायचे. दुकानात सरकारी पाटी असते, वयाच्या अटीची. बिअरला एकवीस, बाकी सगळ्याला पंचवीस. ती पाटी सगळ्या दुकानांत असते आणि सगळ्या दुकानांत तिच्याखाली अगरबत्ती लावतात. गुरुजींनी ती पाटी वाचली. चौथी गोष्ट ती हीच.

त्यांनी गिऱ्हाइकांच्या दोन रांगा केल्या. "बिअर म्हणजे प्राथमिक, रम म्हणजे माध्यमिक," असं म्हणायचे. "प्राथमिक न करता माध्यमिकला कुटं निघालास?" मिशा फुटलेले गडी ह्या रांगेतून त्या रांगेत हाकलले जायचे आणि निमूट जायचे, कारण त्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. दुसऱ्यांदा कुणी आला आणि थोडा झुलत असला तर त्याला पाढा म्हणायला लावायचे. आधी एकोणीसचा लावायचे. पण एकोणीसचा पाढा शुद्धीतल्या माणसालाही येत नाही हे लवकर लक्षात आलं, मग सातावर आले. "सात सक बेचाळीस" नीट म्हटलं तर मिळायची, नाहीतर घरी.

वयाचं त्यांचं स्वतःचं गणित होतं. आधार कार्ड घ्यायचे, तारीख बघायचे, एक जून दिसला की म्हणायचे, "वजा एक."

"कावून वजा, गुरुजी?"

"ते एक मी दिलंय. माझं मी परत घेतो."

म्हणजे कागदावर सव्वीस भरले की गुरुजींच्या दुकानात पंचवीस भरायचे. कागद पंचवीसच्या आत असेल तर प्रश्नच नाही, तिथे कायदा. कागद भरला असेल तर मग त्यांचं वजा एक. समोरचा फार हुज्जत घालायला लागला तर आईला फोन. हे त्यांचं ब्रह्मास्त्र होतं. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये पत्र्याचीच भिंत, तिला एक चौकोनी खिडकी कापलेली, पुस्तकाएवढी. तिच्यातून ते मला कार्डं द्यायचे, "बघ गं ग्रॅज्युएट बाई, झेरॉक्सवर खाडाखोड केली का बेण्यानं." मला ते ग्रॅज्युएट बाईच म्हणायचे. त्याच खिडकीतून त्यांचे फोन मला ऐकू यायचे.

"हालो. मी गुरुजी बोलतो. तुझं पोरगं माझ्या म्होरं उभं हाय. खरं सांग, ह्याला किती पुरे झाले?"

नंबर लावायला घेतला की बहुतेक पोरं रांगेतून गळायची. पण काही आया खमक्या निघायच्या. एक म्हणाली, "पंचवीस झाले, गुरुजी, पण अक्कल आठाची हाय. देऊ नका."

"अक्कल कायद्यात न्हाई, बाई," म्हणाले, आणि त्या पोराला बाटली दिली. त्यांना वाईट वाटलं असेल, पण दिली. सोबत लागतो तो एका दिवसाचा परवानाही लिहून दिला, शाळा सोडल्याचा दाखला लिहावा तशा वळणदार अक्षरात. दुसऱ्या कुठल्या दुकानात तो परवाना कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. एक मुकादम ट्रॅक्टर फाट्यावर उभा करून आला. पंढरपूरच्या बाजूला जायचं होतं, टोळी ट्रॉलीत बसलेली.

"गुरुजी, वीस क्वाटर द्या. लौकर द्या, लांबचा पल्ला हाय."

"तू एकटा पितोस वीस?"

"आवं, टोळीला."

"मंग टोळीला उतरव. मुकादमाच्या वयावर टोळी पेणार हाय व्हय?"

मुकादम आधी हसला, मग चिडला, मग उतरवली त्याने टोळी. गुरुजींनी गड्यांना उन्हात उंचीप्रमाणे उभं केलं आणि हजेरी घेतली. नावं त्यांना तोंडपाठ होती. चाळिशीचे बाप्ये "हजर, गुरुजी" म्हणाले. एकाने तर हात मागे बांधले, आपोआप. ट्रॉलीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यात दोघे जण बाद झाले. एक जण म्हणाला, "दोन लेकरांचा बाप हाय मी, गुरुजी. लेकरं ट्रालीत बसलीत, बघा."

"लेकरं व्हायला परवाना लागत न्हाई. रमला लागतो."

त्याची बायको ट्रॉलीतून ओरडली, "लई बेस केलंत, गुरुजी." मुकादम अठरा घेऊन गेला आणि जाताना म्हणाला की पुढच्या साली केजातून घेईन. पुढच्या साली परत इथेच आला. टोळीतल्या बायकांनी ट्रॅक्टर दुसरीकडे थांबूच दिला नाही, असं त्यानेच सांगितलं.

मी एकदा विचारलं, "गुरुजी, मी कागदावर बावीस. तुमच्या मतानं किती?"

"एकवीस."

"मग माझी डिग्री? ती बी वजा?"

"ती दोन्हीकडून खरी हाय," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आता रणजितचं सांगते. रणजित हे त्याचं नाव नाही, आणि त्याचे चुलते आप्पा हेही आप्पा नाहीत. पंचक्रोशीत एक मोठं घर आहे, शंभरेक एकर, दारात गाड्या, निवडणूक कुठलीही असो आधी चहा त्यांच्या ओसरीवर. रणजितचा बाप लहानपणीच गेला, चुलत्यांनी सांभाळलं. जूनचा पहिला आठवडा होता. रणजित तीन मित्रांना घेऊन आला. एक जूनला कागदावर पंचवीस पुरे झालेले, मित्रांनी पार्टी मागितलेली. इतर दुकानांतून त्याने आधी कधी घेतली नसेल असं नाही, पण गुरुजींच्या दुकानातून उजळ माथ्याने घ्यायची, हा त्या पोरांतला एक मान झाला होता.

गुरुजींनी कार्ड बघितलं. "वजा एक. चोवीस. बिअर न्यायची तर ने."

"गुरुजी, आधार हाय, लायसन हाय, मतदान कार्ड हाय."

"तिन्हीवर तारीख कुटून आली?"

"शाळेतून."

"शाळेत कुणी लिवली?"

मित्र हसायला लागले. एक म्हणाला, "बे रणज्या, चल बे. हाटेलातून दुधाची पिशवी घेऊ."

रणजित लाल झाला. "आवं गुरुजी, मी खरंतर..." एवढं बोलला आणि थांबला. मला खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. काहीतरी ओठापर्यंत आलेलं त्याने गिळलं. मला वाटलं, शिवी असेल.

गुरुजींनी नेमाप्रमाणे फोन लावला. त्या घरात फोन एकच सगळ्यांना माहीत, आप्पांचा.

"रणजितच्या आईला द्या."

"काय काम हाय? मला सांगा," आप्पा म्हणाले. फोन स्पीकरवर होता, रांगेला सगळं ऐकू येत होतं.

"रणजितला किती पुरे झाले ते इचारायचंय."

"मी सांगतो ना. पंचवीस."

"तुमी आई हाव का?"

आप्पांनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मेव्हणा बीडहून आला. गाडीतून उतरला तोच बोलत. लायसनचं नूतनीकरण तोंडावर आलेलं, आप्पांच्या ओळखी वरपर्यंत, आणि हा म्हातारा त्यांना फोनवर आई आहात का विचारतो. मी झेरॉक्स मशीन बंद केलं. ऐकायचंच होतं, खोटं कशाला बोलू.

"दाजी, सोमवारी सांजच्याला रणजित येणार हाय. चार लोकांत त्याला काय पाहिजे ते द्यायचं. न्हाईतर मंगळवारी किल्ल्या माझ्या हातात. मी दुसरा माणूस बघून ठेवलाय."

"दुसरा माणूस वय बघंल का?"

"त्यो गिऱ्हाईक बघंल," मेव्हणा म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी गुरुजींनी दुपारचा डबा उघडला नाही. मी चहा दिला खिडकीतून. म्हटलं, "पेन्शन आहे की तुम्हाला. कशाला जीव लावता ह्या खुर्चीला? लोकं नावं ठेवतात ते वेगळंच."

गुरुजींनी चहा संपवला. मग म्हणाले, "तुझ्या अक्काचं लगीन आठवतं का?"

आठवतं. माझी थोरली बहीण. लग्न ठरलं तेव्हा ग्रामसेवक दाखला बघायला आला होता, मुलगी अठराची आहे का म्हणून. दाखल्यावर अठरा पुरे होते. तो बुंदी खाऊन गेला. अक्काला तेव्हा खरे सतराच पुरे होते. दहावीला चौसष्ट टक्के मिळाले होते तिला, माझ्यापेक्षा जास्त.

"ते एक वर्ष मी दिलेलं," गुरुजी म्हणाले. "शाळेत घेण्यासाठी दिलं आन त्यानंच ती शाळेतून गेली. मी लग्नात हुतो. उठून बोलावं असं वाटलं. बोललो न्हाई. जेवलो बी. बुंदी चांगली हुती." कप खिडकीतून परत दिला. "आता पोरींचं ते वय माझ्या हातात राहिलं न्हाई. ह्या खुर्चीवरनं जेवढं परत घेता येतंय तेवढं घेतो."

अक्का आता आष्टीला असते, तिचं चांगलं चाललंय, तिची पोरगी तिच्यापेक्षा हुशार आहे. त्या दिवशी मी कप विसळला. मी मशीन चालू केलं.

सोमवार उजाडला. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या दुकानाच्या दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात सातबारा. मी ओळखलं आणि बाकडं पुसलं. रणजितची आई, गावात सगळे त्यांना काकी म्हणायचे. त्या घरची बाई एकटी, पायी फाट्यावर आलेली मी कधी बघितली नव्हती.

"दोन झेरॉक्स काढ, बाई."

काढल्या. त्या उठेनात. म्हणाल्या, "तिकडं गुरुजी हायत का?"

"आहेत. बोलवू?"

"नको. मला त्या दुकानात जाता येत न्हाई आन त्यांनी इकडं येऊ नये." त्यांनी खिडकी बघितली. "हितून ऐकू जातं?"

मी गुरुजींना हाक मारली. ते खिडकीशी आले. काकी खिडकीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसल्या, चेहरा न दाखवता.

"गुरुजी, रणजितची आई बोलते. तुमी मला फोन केलता म्हणं. मला कुणी दिला न्हाई."

"बोला, बाई."

"तुमी त्याचं एक कमी करायलाव. त्याची तारीख तुमी लिवली न्हाई. त्यो तिसरीत आलता तुमच्याकडं. पहिली-दुसरी आजोळी झाली, धर्मापुरीला. त्याच्या आज्यानं तिथं नाव घालताना दोन कमी लिवायला लावले. पोरगं सायेब व्हईल, नोकरीला दोन वर्सं जास्ती मिळतील म्हणून."

खिडकीपलीकडे गुरुजींची खुर्ची करकरली.

"सत्तावीस पुरे झालेत त्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस भरतील."

उन्हाने तापलेला पत्रा टकटक वाजत होता. मग गुरुजींचा आवाज आला, हळू. "सगळ्यांत उंच हुता. मागं बसवायचो त्याला. मला वाटायचं, दुधातुपाचं घर हाय."

मला हसू आलं, मी ते दाबलं. काकीही हसल्या असाव्यात, पदर हलला.

"त्यानं कावून सांगितलं न्हाई मला?" गुरुजींनी विचारलं.

"कसं सांगंल? भरतीचा फॉर्म भरलाय. वयाच्या काठावर हाय. चार लोकांत सत्तावीस म्हणला तर कुणीबी तक्रारीचा अर्ज करंल. हिनंच भरलाय फॉर्म," काकींनी माझ्याकडे बोट केलं. खरं होतं. तारीख मीच टाइप केली होती, दाखला बघून. आता मला गिळलेल्या शिवीचा अर्थ लागला.

"हे लबाडीचं हाय, बाई," गुरुजी म्हणाले.

"हाय की. तुमी वाढवले, आमी कमी केले. आता कुणी कुणाला बोलावं?"

मी खिडकीतून बघितलं तर टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. इतकी वर्षं बघत होते, टोपीखाली टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

काकी उठल्या. सातबारा घडी केला. मग परत खिडकीपाशी वाकल्या आणि ज्यासाठी एवढ्या उन्हात पायी आल्या होत्या ते बोलल्या.

"त्याला देऊन टाका आज. पण खुर्ची सोडू नका, गुरुजी. माझा धाकटा बावीसचा हाय. खरा बावीसचा, तुमच्या हातचा न्हाई आन आज्याच्या बी न्हाई, दवाखान्यात झालाय. माझं घरात कुणी ऐकत न्हाई. त्याला तुमी अडवाल म्हणून मला झोप लागती."

आणि झेरॉक्सचे चार रुपये मोजून टेबलावर ठेवून त्या गेल्या.

दुपारी गुरुजी खिडकीतून म्हणाले, "मी इचारलंच न्हाई गं. वजा करत बसलो."

मला खरी काळजी दुसरीच होती. संध्याकाळी ते काय सांगणार? खरं कारण सांगितलं तर पोराचा फॉर्म जाणार. कारण न सांगता दिली तर सगळा फाटा म्हणणार, आप्पांना भिऊन वाकला. त्यांच्याकडे त्या ताठ पाठीशिवाय दुसरं होतं काय? त्या पाठीला भिऊनच तर रांग सरळ उभी राहायची.

सहाला रांग नेहमीपेक्षा दुप्पट. अर्ध्यांना घ्यायचं काहीच नव्हतं, नुसते बघायला आलेले. खताच्या दुकानवाल्याने स्टूल बाहेर टाकलं होतं. मेव्हणा गाडीत काच वर करून बसलेला. रणजित आला. मित्र बरोबर होते, पण तो काही जिंकायला आल्यासारखा दिसत नव्हता. त्याने मान खाली घालून कार्ड पुढे केलं.

गुरुजी उभे राहिले. ते गल्ल्यावरून कुणासाठी उठत नसत, एक्साइजचा साहेब आला तरी बसून बोलायचे. टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले, "रणजित, माझी चूक झाली. तुझं वय भरलेलं हाय. मी चुकीचं धरलं. चार लोकांत तुला माघारी लावलं, चार लोकांत माफी मागतो."

मग खाली बसून निळ्या पेनाने त्याचा परवाना लिहिला, काळजीपूर्वक, काना-मात्रा न चुकता, आणि बाटली कागदात गुंडाळून दिली.

रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "आप्पांचा फोन लागला वाटतं."

"रेंज आली, रेंज," दुसरा म्हणाला. मग सगळेच हसले. खतवाला स्टुलावरून म्हणाला, "गुरुजी बी वाकले म्हणायचे. चला, आता आपल्याला बी कुणी इचारणार न्हाई."

रणजितचे कान लाल झाले होते. बाटली हातात धरून तो तिथेच थांबला, तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बोलतो आणि सगळं घालवतो. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं. "म्होरं सरक, बाळा. मागं लोक उभे हायत." तो सरकला.

त्याच्याच मित्रांतला एक, दुधाच्या पिशवीवाला, लगेच पुढे झाला. त्याला आता जोर चढला होता. कार्ड आपटलं. "मंग माझं बी भरलं की, गुरुजी. मला बी एक जूनलाच पंचवीस झाले."

"तू पहिलीपासून माझ्याकडं हुतास," गुरुजी म्हणाले आणि फोन काढला. "आईचा नंबर सांग."

"आवं, आता त्याला..."

"नंबर सांग."

तो रांगेतून बाहेर पडला. हसणारे हळूहळू गप्प झाले. मेव्हण्याची गाडी चालू झाली आणि बीडच्या रस्त्याला लागली. मंगळवारी किल्ल्या न्यायला कुणी आलं नाही.

पण ते बोलणं चिकटलं ते चिकटलंच. गुरुजी कुणाला नाही म्हणाले की लोक म्हणायचे, "आप्पाच्या पुतण्याला बरी दिलीत." पंक्चरवाल्याच्या पोरानेसुद्धा एकदा ऐकवलं. गुरुजी म्हणायचे, "हां, दिली," आणि पाढा विचारायचे. मला दर वेळी तोंड उघडावंसं वाटायचं. एकदा मी खिडकीशी गेलेही, तर ते मान न वळवता म्हणाले, "ग्रॅज्युएट बाई, तुमचं मशीन चालू राहिलंय." मशीन बंदच होतं.

आता हे लिहिते आहे कारण लिहिल्याने कुणाचं काही जात नाही. रणजित त्या भरतीत लेखीतच गेला. नंतर वय संपलं, कागदावरचंही. आता ड्रॅगनफ्रूट लावलंय त्याने आणि मजेत आहे. मी अंबाजोगाईला कॉलेजच्या ऑफिसात लागले. गुरुजींचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुकान सोडलं. पण त्याआधी, मी फाट्यावर होते त्या शेवटच्या उन्हाळ्यात, धाकटा आला.

तीन वर्षं गुरुजी त्या पोरावर नजर ठेवून होते. तो मोटारसायकलवरून फाट्यावरून गेला तरी त्यांची मान वळायची. कॉलेजला लातूरला असायचा, सुट्टीत घरी यायचा. एकदाही दुकानाकडे फिरकला नव्हता. गुरुजी म्हणायचे, "येईल, येईल. आमी हाव हितंच."

त्या दिवशी भर दुपारी तो आला. घामाघूम. रांगेत कुणीच नव्हतं. गुरुजी सावरून बसले. टोपी सारखी केली.

"किती पुरे झाले?"

"आजच पंचवीस, गुरुजी. आईनं सकाळी ओवाळलं."

गुरुजींनी कार्ड मागितलं, तारीख बघितली, आणि काही वजा न करता परत दिलं. परवान्याचं पुस्तक उघडलं, निळं पेन काढलं. "बोल. काय देऊ?"

"पाण्याची बाटली. थंड असंल तर."

गुरुजींनी पेन तसंच धरून ठेवलं. "आन?"

"आन काय न्हाई. मी घेत न्हाई, गुरुजी. वासानंच मळमळतं मला, ल्हानपणापासून. आईला म्हाईत हाय की."

पोराने पाणी तिथेच उभ्या उभ्या पिऊन संपवलं, पैसे ठेवले, पाया पडला आणि गेला. गुरुजींनी पुस्तक मिटलं. मग खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"ह्याच्यासाठी मी लोकांकडून 'वाकला' म्हणवून घेतलं."

आणि ते हसायला लागले. मी त्यांना शाळेतही कधी असं हसताना बघितलं नव्हतं. टोपी घसरली, डोळ्यांत पाणी आलं, गल्ल्यावर हात मारून मारून हसले, शेवटी ठसका लागला, तेव्हा मी खिडकीतून त्यांना माझा पाण्याचा तांब्या दिला.